खांद्याचं हाड

४ नोव्हेंबर १९८७, बुधवार. देवपूर, धुळे

आज भिंत पाहिली. कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या जुन्या वर्गाचं संग्रहालय होणार आहे, आणि दारासमोरची सबंध भिंत मला दिली आहे. वीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. फावल्या वेळात बेडकाची पचनसंस्था आणि फुलाचे भाग यांचे तक्ते करून देते. एवढी मोठी जागा मला कधी कोणी दिली नव्हती. म्हणून पहिला विचार आनंदाचा आला नाही. पहिला विचार आला, मलाच का?

भूगर्भशास्त्राचे अभिमन देवरे सर यांनी उन्हाळ्यात जळगावच्या वाचनालयात माझं प्रदर्शन पाहिलं होतं. मी काढते ते कधी नसलेले प्राणी: पाठीवर वारूळ वाढलेलं कासव, पारंब्यांच्या पायांचा गेंडा, जुन्या मोटेच्या कातड्याचा पक्षी. लोक हसून पुढे जात होते. हे मात्र एकेका चित्रापुढे वाकून उभे राहिले. म्हणाले, "बाई, प्राणी खोटे आहेत, पण सांधे खरे आहेत. कुठे शिकलात?"

मी म्हटलं, पुस्तकांतून. ते खरं नव्हतं. गावाबाहेरच्या आमच्या वाड्यामागे मेलेल्या ढोरांचे सापळे पडत, आणि आम्ही पोरं त्यांच्यावरच खेळलो. हे त्यांना सांगायला काय हरकत होती?

आज त्यांनी हाड दाखवलं. खांद्याचं, परातीएवढं आणि दगडासारखं जड. शिरपूर तालुक्यात तापीची दरड पुराने ढासळली, तिच्याखाली त्यांना मिळालं. म्हणजे आमच्या जुन्या गावापासून दोन-तीन कोस खाली. कुठल्यातरी नामशेष रानबैलाचं असावं, म्हणाले, पण खात्री देता येत नाही. या एका हाडावरून मी सबंध जनावर भिंतीवर उभं करायचं. खाली पाटी लागणार: "तापीकाठचा प्राचीन प्राणी". उद्घाटन सव्वीस जानेवारीला.

८ नोव्हेंबर, रविवार

कोळशाने आराखडा टाकला. कातडी वैशाखातल्या काळ्या रानासारखी, भेगाळलेली, भेगांतून गवत. कान वाऱ्याने फाटलेल्या केळीच्या पानाचे. सावली मात्र दुसऱ्याच जनावराची, ते कुठलं हे अजून ठरलेलं नाही.

प्रयोगशाळेतला शिपाई उखा शिडी धरून उभा असतो. आज म्हणाला, "बाई, हा खातो काय?"

"गवत."

"स्वतःच्या पाठीवरचं? मग बरं आहे. याला सरकारी अनुदान नको."

देवरे सर संध्याकाळी आले. म्हणाले, "पाठीवरचं गवत थोडं कमी करता येईल का? प्राचार्यांना समजावून सांगावं लागेल." मी होकार दिला, पण गवत काढलं नाही. त्यांनी परत विचारलंही नाही. जाताना हाडावर ओलं फडकं टाकलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली. विचारलं तर म्हणाले, "कोरडं झालं की चिरतं." असेल. पण मी असताना कुलूप कशाला?

१५ नोव्हेंबर, रविवार

आज त्यांनी हाड माझ्यापुढे ठेवलं आणि प्राचार्यांकडे गेले. मी पोत पाहत होते. मागच्या बाजूला एक खाच आहे, आणि खाचेच्या तळाशी, छिद्राछिद्रांतून, लाल.

आधी गेरू वाटला. नदीच्या मातीत गेरू असतो. टाचणीने थोडा काढून अंगठ्यावर चोळला. गेरू मळकट होतो, विटकरीकडे झुकतो. हा झुकला नाही, अंगठ्यावर केशरी उजळला. जन्मभर रंग कालवले आहेत. तो शेंदूर आहे.

लाखो वर्षांपूर्वीच्या बैलाला शेंदूर कोणी लावला?

हे हाड दरडीखाली सापडलेलं नाही. कुठल्यातरी देवाच्या ठाण्यावरून उचललेलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याला वाड्या-पाड्यांवर असे देव असतात, आणि देवरे सर दर सुट्टीत तिकडे दगड गोळा करायला जातात. आता किल्लीचा अर्थ लागला.

१६ नोव्हेंबर

काल घाईने लिहिलं. शेंदूर आहे, एवढंच मला माहीत आहे. बाकीचं मी जोडलं, एका हाडावरून सबंध जनावर करण्याची सवय आहे म्हणून. तरी विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि भिंत गेली तर? म्हणजे मला खरं कळायला हवं आहे की भिंत हवी आहे?

२९ नोव्हेंबर, रविवार

शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला जाऊन आले. माझी जुनी विद्यार्थिनी रेशमा तिथल्या आश्रमशाळेत शिकवते, तिच्या वडिलांकडे. आमश्याभाऊ अंगणात मोहाच्या वाळवलेल्या बिया, टोळंब्या, फोडत बसले होते. मी आडून आडून विचारलं, इकडच्या पाड्यांवरून कोणाचा देव गेला आहे का, हाडाचा, शेंदूर लावलेला?

ते हसायलाच लागले. "आमना वाघदेव लाकूडना शे, बाई. नाहीतर दगडना. दगडले उचलाले चार गडी लागतस. कोन लई जाई?"

"कॉलेजचे एक सर येतात ना इकडे..."

"देवरे सर? तो मानूस दगड बी इचारीसन उचलस. मागल्या साली नालामाइन एक गोटा लई ग्या, तर पोरेस्ले गूळ दी ग्या." मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हनाच तर हारपी नही ग्या?"

रेशमा ओशाळली. "आबा, बाई बौद्ध आहेत. त्यांच्यात देव नसतो."

"आते नही. पहिले व्हता ना?"

मी चहा घेतला आणि निघाले. मोटारीत वाटत राहिलं की ते सरांना वाचवत आहेत. गूळ देणाऱ्या माणसाविरुद्ध कोण बोलणार?

६ डिसेंबर, रविवार. जळगाव

महापरिनिर्वाण दिनाच्या वंदनेला गेलो होतो, माय, भाऊ आणि मी. बाबा असते तर पुढे उभे राहून त्यांनीच म्हटली असती. शिरपूर तालुक्यात पंचशील खणखणीत म्हणणारे पहिले तेच, असं माय सांगते. घरी आल्यावर माय गव्हाची खीर हलवत होती, तेव्हा तिला भिंतीचं सांगितलं. हाडाचं सांगितलं. शेंदराचंही.

तिचा हात थांबला. "कथाइन सापडनं म्हने?"

"तापीतून. म्हणजे ते तसं म्हणतात."

"त्याले मांगली बाजूले खाच शे?"

"आहे. तुला कसं कळलं?"

"हाडले खाच ऱ्हातसच," माय म्हणाली आणि खीर हलवू लागली. थोड्या वेळाने, पाठमोरीच: "कुंदा, तू त्यामा पडू नको. बैल काढ, घोडा काढ. तुले जे काढनं ते काढ. पन कोनाले इचारत फिरू नको."

तिला भीती वाटते, मोठ्या लोकांशी मी वाकडं घेईन याची. पंचाहत्तरीला टेकली आहे. मी तिला समजावलं की चोरीचा देव भिंतीखाली ठेवून मी चित्र काढणार नाही. ती म्हणाली, "चोरीना कोन म्हने?" आणि उठून गेली. म्हातारपणी माणसं अशीच होतात का?

१४ डिसेंबर, सोमवार

आज प्राचार्यांना भेटले. आरोप केला नाही. शब्द तोलून म्हटलं, हाडावर शेंदराचे अंश आहेत, ते कुठल्यातरी पूजास्थानाचं असण्याची शक्यता आहे, उद्घाटनाआधी खात्री करून घ्यावी. एवढंच. खोटं एकही वाक्य नाही.

प्राचार्य पांढरे पडले. "म्हणजे मोर्चा येईल म्हणता?"

मी मोर्चा म्हटलंच नव्हतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडून आल्यावर मी नाकारलाही नाही. तो नाकारायला हवा होता. त्यांनी खोलीला कुलूप लावायला सांगितलं.

१९ डिसेंबर, शनिवार

देवरे सर शाळेत आले. मधल्या सुट्टीत, मुलींच्या गलक्यात, पिंपळाखाली. आवाज चढवला नाही.

"माझ्याकडे का नाही आलात?"

मी म्हटलं, "तुम्ही शेंदूर पाहिला नव्हता?"

"पाहिला होता. लोह असेल असं वाटलं. मी दगडाचा माणूस, रंगाचा नाही. तुम्ही म्हणाला असतात तर त्याच दिवशी तपासला असता." मग म्हणाले, "दरडीचे फोटो आहेत. माझा हात आहे त्यात, हाड अर्धं चिखलात आहे. चोरायला गेलेला माणूस फोटो काढतो का?"

फोटो आधी का दाखवले नाहीत, असं विचारावंसं वाटलं. फोटो काय, कसेही घेता येतात.

"आणि एक सांगा," ते म्हणाले. "तुम्ही देव मानत नाही. मग शेंदराची एवढी काळजी तुम्हाला कशी?"

मला राग आला. पहिल्यांदा वाटलं, जात काढली. आता लिहिताना वाटतं, त्यांनी खरोखरच प्रश्न विचारला असेल. आमच्या वाड्यातही असा शेंदराचा एक गोळा होता, लिंबाखाली. आम्हा मुलींना जवळ जाऊ देत नसत. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मी धुळ्याच्या बोर्डिंगातून घरी गेले, तर लिंबाखाली नुसता ओटा. सगळे देव तापीत सोडले, असं बाबा म्हणाले, आणि त्याच लिंबाखाली बसून आम्हाला अंकगणित शिकवायला लागले. मला आनंदच झाला होता. देव नाही, म्हणजे सावलीत बसता येतं.

३ जानेवारी १९८८, रविवार. जळगाव

मला हे आधीच कळायला हवं होतं.

माय स्वतःच बोलली. भाजी निवडत होती. मी म्हटलं, देवरे सरांची चौकशी होणार आहे, बहुतेक नोकरीवर बेतेल. तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"त्या मानूसनी काही करं नही," ती म्हणाली. "तो आपला म्हसोबा शे."



तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिण्याचा प्रयत्न करते. दीक्षेनंतर वाड्यातले सगळे टाक, ताईत, परड्या बाबांनी गोणीत भरल्या. शेवटी म्हसोबा राहिला. तो उचलला आणि शेंदराचं कवच तडकून गळून पडलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं कवच, बोटभर जाड. आत दगड असेल असं सगळ्यांना वाटत होतं. आत खांद्याचं हाड निघालं.

"बठ्ठा वाडा गप," माय म्हणाली. "मंग तुन्हा बाप हासना. हासता हासता खाली बसना अन् रडना. म्हने, लिला, जलमभर गावनी ढोरं ओढी, हाडं ओढी. ते काम सोडं म्हनीसन गावना मार खादा. अन् देव बी हाडच निंघना."

बाबांनी सगळ्यांकडून वचन घेतलं: हे गावाला कळू द्यायचं नाही. म्हणतील, बघा, हाडं ओढणाऱ्यांचा देव काय असणार.

"मंग सोडं पानीमा. तीस साल व्हई ग्यात. आते तो कथाइन ऊना, अन् ऊना तोबी तुन्हाच हातमा?"

मी विचारलं, तेव्हा सहा डिसेंबरलाच का नाही सांगितलंस?

"सांगं व्हतं. तुले ऐकू नही ऊनं."

६ जानेवारी, बुधवार

सकाळी आधी प्राचार्यांना सांगितलं, मग देवरे सरांना. सरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "तुमच्या पूर्वजांना ते कुठे मिळालं असेल?" मायला ते माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. नाल्यात, शेतात, विहीर खणताना.

"म्हणजे त्या दरडीतला थर आणि हे हाड यांचा संबंध तुटला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. त्या थरावरच्या शोधनिबंधाचं तीन वर्षांचं काम आहे. पण चौकशी टळली याचा आनंद त्यांना दिसला नाही, किंवा त्यांनी दाखवला नाही.

मग म्हणाले, "बाई, हे आपल्या दोघांत आणि प्राचार्यांत ठेवू. उद्घाटनाला पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाले येणार. हाड तापीत सापडलं, एवढं खरंच आहे. पाटीवर तेवढंच ठेवू."

मी म्हटलं, अर्धं खरं.

"तुमच्या वडिलांचं नाव येईल त्यात. ते हाड, ते काम, सगळं. चालेल तुम्हाला?"

हे सरळसरळ धमकावणं होतं. मी गप्प राहिले तर त्यांचा थर वाचतो, बोलले तर माझ्या बाबांची लाज. चोर नाहीत, हे मान्य. पण सरळ माणूसही नाही. माझा संशय अगदीच चुकीचा नव्हता. हे लिहून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच शंका येते आहे.

७ जानेवारी

तोच प्रश्न रात्रभर. चालेल का मला? "चालेल तुम्हाला?" असं म्हणाले ते. विचारलं. धमकी देणारा माणूस विचारतो का? माहीत नाही.

पण प्रश्न खरा आहे. बाबांनी वचन घेतलं होतं, आणि ते मोडायचं की नाही हे मला एकटीला ठरवता येणार नाही. मायला विचारण्यासाठी भावाच्या दुकानात फोन केला. ती म्हणाली, "त्यानी वचन गावना भेवमा लिनं व्हतं. तुले कोनं भेव शे?"

२४ जानेवारी, रविवार

सुट्ट्या घेऊन आठवडाभर भिंतीवर आहे. पाठीवरचं गवत काढलं, कोणी सांगितलं म्हणून नव्हे. आता तिथे ते नको होतं. जनावर नदीकाठी उभं आहे आणि त्याला एक खांदा नाही. खांद्याच्या जागी भोक आहे, त्यातून पलीकडची तापी दिसते. आणि खाली, पाण्यात, माणसं: पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, वीसेक असतील. मध्ये एक पाठमोरा माणूस, हातांत केशरी हाड. जनावर मान वळवून आपलंच हाड पाण्यात जाताना पाहतं आहे.

सावली कोणाची, हेही ठरलं. सावली त्या माणसांची आहे.

उखाने आज बराच वेळ शिडी धरली. मग म्हणाला, "बाई, हे आधीच्यापेक्षा खोटं आहे का खरं?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, प्राचार्य घाबरून चहा मागवतील."

देवरे सर आले, पाहिलं आणि गेले. प्राचार्यांकडे गेले असतील. उद्या भिंतीला चुना लागला तर नवल नाही. किल्ली सरांकडे आहे.

२६ जानेवारी, मंगळवार

भिंत आहे.

सकाळी झेंडावंदनानंतर खोली उघडली. पाटी बदललेली होती. "तापीकाठचा प्राचीन प्राणी" नव्हतं. सरांच्या बारीक अक्षरात: "खांद्याचं हाड. मूळ थर अज्ञात. तापीत सोडलेलं, तापीत सापडलेलं." मला न विचारता लिहिलं. का लिहिलं? स्वतःला वाचवायला, की प्राचार्यांनी लिहायला लावलं म्हणून? थर अज्ञात लिहिलं म्हणजे त्यांचा शोधनिबंध गेला, असं उखा सांगत होता. तरी काहीतरी असेल.

शिक्षणाधिकारी चित्रापुढे थांबले. "हे लोक कोण?"

मी तोंड उघडण्याआधी देवरे सर म्हणाले, "ज्यांनी हे हाड आजवर सांभाळलं ते. पुढचं बाई सांगतील." आणि मागे सरले.

मी सांगितलं. बाबांचं नाव घेऊन सांगितलं, हाडं ओढण्याचंही. कोणी हसलं नाही. दोघे-तिघे खाली पाहत होते. वर्तमानपत्रवाल्याने नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. सरांनी मला पुढे का केलं, हे मी अजून नक्की सांगू शकत नाही.

पाहुणे चहाला गेल्यावर माय आत आली. भावाने तिला सकाळच्या मोटारीने आणलं होतं. जनावराकडे तिने पाहिलं नाही. सरळ माणसांपाशी गेली, चष्मा वर सारला आणि एकेक चेहरा पाहू लागली. चेहरे मी पुसटच ठेवले होते, तरी तिने चौघांना नावाने ओळखलं. बाबांच्या पाठीपाशी आल्यावर थांबली.

"इतलं पानी नही व्हतं," ती म्हणाली.

मी त्यांना छातीभर पाण्यात उभं केलं होतं.

"चैत व्हता तो. गुडघाइतलंच पानी. हाड गाळमा रुतेच ना. मंग तुन्हा बाप पानीमा खाली बसना अन् दोन्ही हातघाई दाबीसन धरं त्यानी."

उखा कप गोळा करत होता. त्याला रंगाचा डबा आणायला सांगितला. माय खुर्चीवर बसली आणि पाहत राहिली. मी पाणी गुडघ्यापर्यंत खाली आणलं, आणि बाबांना बसवायला घेतलं.